"मीच अजून पूर्ण बरी नाही, मग स्टेजवर काय बोलू?"

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी २६ वर्षांची आहे, एका छोट्या बँडमध्ये गाते, स्वतःची गाणी लिहिते. १७ वर्षांची असताना तिला पॅनिक अटॅक यायला लागले, सोबत डिप्रेशनही. तेव्हा लिंकिन पार्कचा गायक चेस्टर बेनिंग्टन स्वतःच्या डिप्रेशनबद्दल किती मोकळेपणाने बोलतो हे बघून तिने पहिल्यांदा घरी सांगितलं आणि उपचार सुरू झाले. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, चेस्टरचा आत्महत्येने मृत्यू झाला. मधली काही वर्षं तिची ठीक गेली. दीड वर्षापूर्वी तिने एका गाण्यासोबत आपल्या आजाराबद्दल लिहिलं, ते खूप लोकांपर्यंत पोचलं. आता तिला रोज मेसेज येतात, 'तुझ्यामुळे डॉक्टरकडे गेलो' इथपासून रात्री दोन वाजता 'मला जगायचं नाही' इथपर्यंत. एका कॉलेजने १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, तिला बोलायला बोलावलंय. पण दोन महिन्यांपूर्वी तिचा त्रास परत वाढला, डॉक्टरांनी डोस वाढवला, आणि बँडमधला एक मित्र म्हणतोय की गोळ्यांमुळे तुझ्या गाण्यातला जीव गेलाय. ती विचारते, "मीच पूर्ण बरी नाही, मग कुठल्या तोंडाने बोलू? ज्याला बघून मी उभी राहिले तोच गेला. उद्या माझं काही झालं तर या पोरांचं काय?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी थांबले. कॉलेजचं, मेसेजचं, गोळ्यांचं सगळं बोलूया, पण आधी हे. "उद्या माझं काही झालं तर" असं तू लिहिलंयस. ते बोलण्याच्या ओघात आलं की तुला खरंच मरणाचे विचार येतायत? सरळ विचारतेय, कारण असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही. ज्याच्या डोक्यात तो आधीच असतो त्याला उलट हलकं वाटतं की चला, कुणीतरी विचारलं. तुझं उत्तर हो असेल, अगदी 'कधीकधी' असेल तरी, हे वाचणं थांबव, आजच तुझ्या डॉक्टरांना फोन कर आणि हीच ओळ त्यांना जशीच्या तशी सांग. घरातल्या किंवा बँडमधल्या एका माणसाला सांग आणि आजची रात्र एकटी राहू नकोस. डॉक्टर फोनवर मिळाले नाहीत तर हेल्पलाइन आहे, भारतात टेली मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. अगदी आत्ताच काही करून बसेन असं वाटत असेल तर फोनच्या भानगडीत न पडता कुणाला तरी सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठ. बाकीचं पत्र उद्या वाच.

उत्तर नाही असेल तर पुढे वाच. आणि पुढे कधी त्याचं हो झालं तर हा वरचा भाग परत काढ.

तुझ्या पत्रात एकच समजूत दोनदा आलीय, बहुतेक तुझ्या लक्षात आलं नसेल. एकदा चेस्टरबद्दल आणि एकदा स्वतःबद्दल. तू धरून चाललीयस की मानसिक आरोग्याबद्दल बोलायचा हक्क त्यालाच, जो या सगळ्यातून पार झाला. तो गेला म्हणजे त्याचं बोलणं खोटं ठरलं आणि तुझा डोस वाढला म्हणजे तुझं बोलणं खोटं ठरलं. हे मला पटत नाही.

चेस्टरने त्याच्या लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल सांगितलं, व्यसनाबद्दल सांगितलं, डिप्रेशनबद्दल सांगितलं, तेही अशा काळात जेव्हा रॉक बँडच्या गायकाने रागाने किंचाळणं लोकांना चालायचं पण आपल्याला मदत लागते हे साधेपणाने बोललेलं फार कमी ऐकू यायचं. बँडचा पहिला अल्बम २००० सालचा, तो गेला २०१७ मध्ये, ४१ वर्षांचा असताना. मधली १७ वर्षं तो आजारासोबत जगला, गायला, बोलला. तू घरी सांगितलंस ते त्यातल्या एका बोलण्यामुळे. पण डॉक्टरकडे तू गेलीस, गोळ्या तू घेतल्यास, पुढची वर्षं तू काढलीस, ती सगळी तुझी आहेत आणि कुणाच्या जाण्याने ती पुसली जात नाहीत. हृदयविकाराचा एखादा पेशंट उपचार घेऊनही गेला म्हणून आपण बाकीच्यांना औषध बंद करा असं म्हणत नाही ना, इथे मात्र लगेच म्हणतो. 'तो हरला' असंही म्हणतात लोक, मला तो शब्द सहन होत नाही, आजारात कुणी हरत नसतं.

आणि 'तोच टिकला नाही तर मी कशी टिकणार' हा जो हिशोब तू मांडलायस ना, तो चुकीचा आहे. जे लोक आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचतात, म्हणजे अगदी काठावर जाऊन येतात, त्यांच्यातल्या दर १० पैकी साधारण ९ जणांचा पुढे आत्महत्येने मृत्यू होत नाही. गेलेल्याची बातमी होते. राहिलेले रोज उठून कामाला जातात, त्यांची बातमी होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की सगळे जातातच.

आता तुझं. डिप्रेशनच्या पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांपैकी निदान निम्म्या लोकांना पुढे कधीतरी तो परत होतो. निम्म्या! म्हणजे डोस वाढला यात तुझं काही चुकलं नाही, हा आजार असाच येतो जातो. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन घे. त्याने १९८२ च्या सुमाराला थेरपी सुरू केली, पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवली, आणि २०१६ च्या आत्मचरित्रात लिहिलं की साठी उलटल्यावर डिप्रेशनने त्याला अक्षरशः चिरडलं, मग एक वर्ष चांगलं गेलं, मग परत आलं. एवढी वर्षं थेरपी, औषधं, पैसा, नाव, सगळं असून. आणि त्याच काळात तो स्टेडियम भरवत होता. मला तो जास्त उपयोगाचा वाटतो, का तर तो 'मी कसा बरा झालो' सांगत नाही, 'मी कसा सांभाळतो' ते सांगतो.

आपल्या भाषेत बघ, कुणी विचारलं कशी आहेस, आपण म्हणतो बरी आहे. त्यात मस्त आहे, उत्तम आहे असा दावा नसतो, चाललंय, उभी आहे एवढंच असतं. बरं होणं या शब्दातच थोडी जागा सोडलेली आहे. 'पूर्ण बरी' हे तू मागून लावलंयस, आणि त्या 'पूर्ण'नेच तुझा सगळा घोळ केलाय.

बरं, अर्धंमुर्धं बरं असणाऱ्याने बोलून दुसऱ्याला खरंच फायदा होतो का? तू संगीतातली आहेस म्हणून संगीतातलीच गोष्ट सांगते. मोझार्टचा १७९१ चा एक ऑपेरा आहे, 'द मॅजिक फ्लूट'. त्यात पापागेनो नावाचा एक भोळा पक्षी पकडणारा आहे. त्याला वाटतं आपली प्रेयसी आता काही परत मिळत नाही आणि तो जीव द्यायला निघतो. तेवढ्यात तीन मुलं येतात आणि म्हणतात, अरे तुझ्याकडे त्या जादूच्या घंट्या आहेत ना, त्या वाजव की. तो वाजवतो आणि ती येते. बस एवढंच. २०१० मध्ये व्हिएन्नामधल्या संशोधकांनी ऑस्ट्रियातल्या पेपरांमध्ये आत्महत्येबद्दल काय काय छापून येतं ते तपासलं. एकाच आत्महत्येच्या बातम्या परत परत येणं किंवा आत्महत्येबद्दलचे गैरसमज छापले जाणं, याचा संबंध वाढलेल्या आत्महत्यांशी दिसला. पण जिथे एखाद्या माणसाला तसे विचार आले आणि त्याने ती वेळ दुसऱ्या कुठल्या मार्गाने निभावून नेली असं लिहिलं होतं, तिथे नंतर आत्महत्या कमी दिसल्या. त्यांनी त्याला नाव दिलं पापागेनो इफेक्ट. ते लेख विजयी वीरांचे नव्हते, एकेका वाईट वेळेतून निघालेल्यांचे होते. तू तशी आहेस.

दुसरं उदाहरण लॉजिक या अमेरिकन रॅपरचं. २०१७ मध्ये त्याने एक गाणं काढलं, त्या गाण्याचं नावच तिथल्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचा फोन नंबर होतं. गाण्यात एक फोन करणारा आहे, एक फोन उचलणारा आहे, आणि शेवटाकडे येता येता फोन करणाऱ्याला जगावंसं वाटायला लागतं. गाणं आलं तेव्हा, एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात झालं तेव्हा आणि २०१८ च्या ग्रॅमीला झालं तेव्हा, अशा सगळ्यात जास्त चर्चेच्या ३४ दिवसांचा अभ्यास २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. हेल्पलाइनला ९,९१५ कॉल जास्त आले होते, साधारण ७ टक्के वाढ, आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी होत्या. अशा अभ्यासातून अमुक गोष्ट तमुकमुळेच झाली असं छातीठोक सांगता येत नाही, ते मलाही कळतं, पण २४५ हा आकडा वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. त्या गाण्यातलं मला काय आवडतं सांगू? त्यात 'माझ्याकडे बघा' नाही, 'या नंबरकडे बघा' आहे.

तुला हेच सुचवायचंय. आदर्श या शब्दाचा संस्कृतमधला एक जुना अर्थ आरसा आहे, माहितीये? आरशासमोर माणूस स्वतःला बघायला उभा राहतो. तुझी पोस्ट वाचून ज्यांनी मेसेज केले त्यांनी तुझ्यात स्वतःला बघितलं, त्यांना वाटलं हे तर माझंच आहे, आणि हिने मदत मागितली म्हणजे मीही मागू शकतो. त्यांना तुझं बरं असणं नकोच होतं, तुझं मागणं हवं होतं. तू मदत मागितलीस ही गोष्ट झालेली आहे, ती तुझा डोस कितीही वर खाली झाला तरी बदलत नाही.

आता तुझा मित्र आणि त्या गोळ्या. दुःखातूनच चांगलं गाणं येतं ही समजूत कलाकारांच्या जगात इतकी खोल रुतलीय की लोक त्यापायी औषधं सोडतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. डिप्रेशन भरात असताना तू किती गाणी लिहिलीस आठव बरं. बिछान्यातून उठता येत नाही तेव्हा गिटार कोण उचलतं? पण मित्र सगळंच चुकीचं बोलतोय असंही नाही. काही औषधांनी काही जणांना भावना बोथट झाल्यासारखं वाटतं, ना धड रडू ना धड हसू, आणि हा खरा साइड इफेक्ट आहे, डॉक्टरांना चांगला माहीत असतो. तुला तसं होत असेल तर त्यांना नेमकं सांग की गाताना असं असं होतंय, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. स्वतःहून अचानक बंद मात्र करायचं नाही, चक्कर, बेचैनी, झोपेचा बोजवारा आणि आजार परत उसळणं हे सगळं त्यातून होऊ शकतं. वाढवलेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि दोन महिने होऊनही फरक नसेल तर तेही सांगायलाच हवं. मित्राला एवढंच म्हण की माझं गाणं कसं झालं ते तू सांग, माझी गोळी डॉक्टर बघतील.

आणि तुमचं कामच असं असतं की रात्री उशिरापर्यंत शो, मग अंगात शिरलेला तो जोर उतरत नाही, पहाटे झोप, बऱ्याचदा सोबत दारू. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये संगीत क्षेत्रातल्या २,२११ जणांनी एका पाहणीत उत्तरं दिली, त्यातल्या ७१ टक्क्यांनी एंग्झायटी किंवा पॅनिक अटॅक अनुभवल्याचं सांगितलं आणि ६८ टक्क्यांहून जास्त लोकांनी डिप्रेशन. उत्तरं लोकांनी आपणहून दिलेली आहेत, त्रास असणारेच जास्त पुढे आले असतील, तरी आकडा लहान नाही. झोप हा तुझ्यासाठी औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे, शोच्या तारखा घेताना मधे मोकळे दिवस सोडता येतात का बघ.

मेसेजचं मला जास्त काळजीचं वाटतं, कॉलेजपेक्षाही. रात्री दोन वाजता एक अनोळखी मुलगा लिहितो मला जगायचं नाही, आणि तू, स्वतः आजारी, झोप सोडून त्याच्याशी पहाटेपर्यंत बोलतेस. तू कितीही मायेने केलंस तरी ती हेल्पलाइन चालवणाऱ्या माणसांची ड्युटी आहे, त्यांनाही ट्रेनिंग असतं, शिफ्ट असते, आणि शिफ्ट संपली की ते घरी जातात. तुझी शिफ्ट कधी संपते? म्हणून आजच प्रोफाइलवर आणि मेसेजच्या ऑटो रिप्लायमध्ये लिहून टाक की मी गायिका आहे, काउन्सेलर नाही, मेसेज दिवसातून एकदाच बघते, आत्ता जीव धोक्यात वाटत असेल तर हा नंबर लावा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. तरीही तसा मेसेज दिसलाच तर त्याला तीन गोष्टी म्हण: तू सांगितलंस ते बरं केलंस, आत्ता तुझ्याजवळ कोण आहे, त्याला उठव, आणि हा नंबर लाव. तो कुठे आहे किंवा त्याचं जवळचं कोण हे माहीत असेल तर त्यांना कळव, 'कुणाला सांगू नकोस' असं तो म्हणाला तरी. गुपित ठेवायचं वचन अशा वेळी कधीच द्यायचं नाही. हे फक्त तुझ्यासाठी नाही, ज्या कुणाला मित्रमैत्रिणी मन मोकळं करायला गाठतात त्या सगळ्यांसाठी आहे. आणि तुझ्या डॉक्टरांना सांग की मला असे मेसेज येतात, त्यांना हे माहीत असायला हवं, कारण तुझा त्रास परत वाढला त्यात याचाही वाटा असू शकतो.

आता कॉलेज. तू विचारलंयस जाऊ की नको जाऊ, पण मधे बऱ्याच वाटा आहेत. नुसती दोन गाणी म्हणून ये, बोलायचं काम एखाद्या काउन्सेलरवर सोड. किंवा त्यांच्यासोबत बसून गप्पांच्या स्वरूपात कर, म्हणजे अवघड प्रश्न आला तर उचलायला शेजारी माणूस असेल. किंवा आधीच रेकॉर्ड करून पाठव, नको वाटलेलं कापता येतं. किंवा सरळ सांग की यंदा नाही जमणार, पुढच्या वर्षी बघू. पॉप गायिका सेलेना गोमेझने २०१६ मध्ये एंग्झायटी, पॅनिक अटॅक आणि डिप्रेशनचं कारण सांगून चालू टूर अर्धवट थांबवली, गायक शॉन मेंडिसने २०२२ मध्ये मानसिक आरोग्यासाठी उरलेली टूर रद्द केली. तिकिटं विकलेली असताना. मला तर वाटतं त्यांच्या कुठल्याही मुलाखतीपेक्षा त्यांचं ते थांबणं जास्त शिकवणारं होतं. सेलेनाने आपल्याला बायपोलर (कधी अति उत्साह तर कधी डिप्रेशन असा आजार) असल्याचं जाहीरपणे सांगितलं ते त्यानंतर चार वर्षांनी, २०२० मध्ये. मधे तिने वेळ घेतला, तुलाही घेता येतो.

जायचं ठरवलंस तर स्वतःला एक विचार: जे सांगणार आहे त्यावर खपली धरलीय की अजून ओलं आहे? गेल्या दोन महिन्यांतलं ओलं असणार, ते स्टेजवर नेऊ नकोस, १७ व्या वर्षीचं सांग. घरी सांगायच्या आधी किती दिवस घालवले, पहिलं वाक्य काय बोललीस, डॉक्टरकडे पहिल्या दिवशी काय झालं, हे सांग, कारण समोरच्या मुलांना नेमकं तेच माहीत नसतं आणि त्याचीच भीती असते. औषधाचं नाव आणि डोस सांगू नकोस, कुणीतरी तेच मागायला जाईल. चेस्टरचा विषय निघाला तर तो कसा गेला यात शिरू नकोस, तो कसा बोलायचा ते सांग. आणि 'आता मी ठीक आहे' असं म्हणायची गरज नाही, 'माझे उपचार चालू आहेत' हे वाक्य पुरेसं आहे, ते म्हणताना तुझा आवाज कापला तरी चालेल. कॉलेजला आधीच विचार की कार्यक्रमानंतर मुलांशी बोलायला काउन्सेलर तिथे असणार का. नाही म्हणाले तर जाऊ नकोस, कारण मग त्या शंभर मुलांचं ओझं परत तुझ्यावर येईल. आणि जाताना एक माणूस सोबत ने, परत येतानासाठी, कारण अशा बोलण्यानंतर संध्याकाळी एकटीला फार रितं वाटू शकतं.

यातलं काहीही कॉलेजला कळवायच्या आधी डॉक्टरांना भेट. पत्रात जे मला लिहिलंयस ते सगळं, मित्राचं, मेसेजचं, ती शेवटची ओळ सुद्धा, त्यांना वाचून दाखव. कॉलेज आठवडाभर थांबेल.